सरळ शेपटीचा पाहुणा

आमच्या वाडीत सोयरीक जमवताना आधी देवक विचारतात, पगार नंतर. माझ्यासाठी एकदा पलूसचं स्थळ आलं होतं. मुलगा बँकेत, दिसायला नीटस, बोलायला त्याहून नीटस. पण त्यांचं देवक कळंबाचं आणि आमचंही कळंबाचं निघालं, तेव्हा आबांनी चहा निवायच्या आत पाहुण्यांना वाटेला लावलं. "एका देवकाची माणसं म्हंजी भाऊ-भन. भनीला कोण बायकू करतं व्हय?" एवढं बोलून त्यांनी पोह्यांची बशी पुढे सरकवली. मला तो मुलगा आवडला होता. पण हे सांगायची आमच्याकडे पद्धत नाही.

जनावरांच्या बाबतीतही आबांचा तोच दंडक. गावचा खिलार वळू तीन-चार वर्षांनी विकायचा आणि पुसेगावच्या बाजारातून दुसऱ्या रक्ताचा आणायचा. जुना कितीही देखणा असो, लोक कितीही हळहळोत. "त्येच्या लेकी आता माजावर यायला लागल्या. बापाला लेकीवर सोडायचा न्हाई," आबा म्हणायचे आणि विषय संपायचा.

असा हा काटेकोर माणूस, माझा बाप, सुभेदार नाथाजी. पण डोंगरावरच्या बिबट्यांचं देवक बघायचं त्याला कधी सुचलं नाही.

आमच्या गावाचं नाव वाघजाईची वाडी. मागे वाघजाईचा डोंगर आहे, पण त्याला डोंगर म्हणायचं ते आपलं देवीला वाईट वाटू नये म्हणून. पश्चिमेला हायवे, पूर्वेला कृष्णा, खाली साखर कारखाना आणि त्याची वस्ती, आणि मधे सगळा ऊस. आमचे बिबटे डोंगरावर नावाला राहतात. जन्मतात, वाढतात ते उसातच. वयात आलेला नर नवा मुलूख शोधायला निघतो आणि बहुतेक वेळा हायवेवर ट्रकखाली सापडतो. मागे राहतात त्या त्याच्या बहिणी, मावश्या, आणि जायचं धाडस न झालेला एखादा भाऊ.

आबा लष्करातून निवृत्त होऊन आले तेव्हापासून हे बिबटे म्हणजे त्यांची दुसरी पलटण. ऊसतोड सुरू झाली की फडात पिल्लं सापडायची. टोळीची माणसं कोयते टाकून पळायची आणि कुणीतरी आबांना बोलवायला यायचं. आबा माळ्यावरून निळा प्लास्टिकचा क्रेट काढायचे, वनखात्याचे वनरक्षक लालासाहेब यांना बरोबर घ्यायचे, पिल्लं क्रेटमध्ये ठेवायचे आणि दिवस मावळताना जिथे सापडली तिथेच तो क्रेट ठेवून यायचे. सकाळी क्रेट रिकामा असायचा. मादीने एकेक पिल्लू तोंडात धरून नेलेलं असायचं. त्या दिवशी आबा घरी दोन भाकरी जास्त खायचे.

त्या क्रेटला घरात कुणी हात लावायचा नाही. साबणाचा वास लागला तर मादी पिल्लाला जवळ घेणार नाही, म्हणून आबा तो नुसत्या पाण्याने धुऊन, उन्हात वाळवून माळ्यावर पालथा ठेवायचे. माझी आई विजयमाला, तिची यावरून कायम कुरकुर. "आवं, माझं कांदं जमिनीवर पडून सडाय लागल्यात, आन् ह्यो चांगला क्रेट वर बाळंतपणाची वाट बघत बसलाय!"

त्याच क्रेटमधून गेलेलं एक पिल्लू पुढे देवमण्या झालं. त्याची शेपटी टोकाला वाकडी होती आणि पाठीवर मधोमध केसांचा भोवरा होता. बैल बघणाऱ्या माणसाची नजर भोवऱ्यावर आधी जाते. पाठकण्यावर मधोमध भोवरा म्हणजे भाग्याचं जनावर, ज्याच्या दावणीला त्याचं घर भरतं, असं आबा मानतात. त्यांनी पिल्लाच्या पाठीवर बोट ठेवून सगळ्यांना दाखवलं, "वाघजाईनं सोताच्या हातानं फिरवल्याला भोवरा हाय ह्यो. देवमण्या म्हणायचं ह्येला." झालं. गावाला नाव मिळालं. पुढे वर्षा-दोन वर्षांत जी पिल्लं सापडली, त्यांच्याही शेपट्या वाकड्या. गावाला वाटलं, देवीचा वंश वाढतोय. आमच्या कबड्डी संघाच्या बनियनवरसुद्धा वाकड्या शेपटीचा बिबट्या आला.

देवमण्या होताही शहाणा. कुत्री न्यायचा, रानडुकराची पिल्लं न्यायचा, माणसाच्या वाटेला कधी गेला नाही. संध्याकाळी बांधावर बसलेला दिसला तर बायका लांबूनच हात जोडून वाट बदलायच्या.

मग चार वर्षांपूर्वी चांदोलीच्या बाजूने एक दुसरा नर आला. हायवेखालच्या ओढ्याच्या मोरीतून आला असावा. थोराड, सरळ शेपटीचा, चकचकीत कातड्याचा. आला तसा त्याने दोन वासरं मारली आणि देवमण्याचा एक कान फाडला. कान फाटलेला देवमण्या बघून आबांचं डोकंच फिरलं. वनखात्याच्या ऑफिससमोर त्यांनी ठिय्या दिला, अख्खी वाडी मागे बसली. उघड्या ट्रॉलीवर उभं राहून आबा बोलले, "वाकडी शेपटी ती आपली. सरळ शेपटी ती परकी. परक्याला आपल्या डोंगरावर थारा न्हाई!" टाळ्या पडल्या. पिंजरा लागला, पाहुणा सापडला, लांबच्या निवारा केंद्रात रवाना झाला. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण बिबट्यांनाही लागू होते हे मी त्या दिवशी बघितलं. पोरांनी गुलाल उधळला. आबांचं ते वाक्य गावाच्या तोंडात जे बसलं ते बसलंच.

त्यानंतर फडात पिल्लं सापडली नाहीत. एक हंगाम गेला, दुसरा गेला. तिसऱ्या हंगामात आबा रोज फडावर जाऊन टोळीच्या मुकादमाला विचारायचे, "काय घावलं का?" तो मान हलवायचा. माद्या दिसत होत्या, देवमण्याही दिसत होता, नर-मादी जोडीने फिरताना लोक बघत होते. पिल्लू मात्र नाही. आबा सकाळी क्रेट खाली काढायचे, धुवायचे, परत वर ठेवायचे. आईने कुरकुर बंद केली, त्यावरून मला कळलं की हे गंभीर आहे.

यंदा माघात देवमण्या जोतीरामच्या विहिरीत पडला. कुत्र्यामागे धावताना पडला असणार. सकाळी जोतीराम मोटर चालू करायला गेला तर खाली पाण्यात मोटरीच्या पाइपला मिठी मारून साहेब बसलेले. गाव गोळा झालं. दोराला बाज बांधून खाली सोडली, देवमण्या तीवर चढून बसला, मग पिंजरा सोडला, आणि उन्हं डोक्यावर यायच्या आत तो वर आला. थकलेला, ओला, एका पंजाला खरचटलेलं.

सांगलीहून वन्यप्राण्यांचे डॉक्टर आर्जव मगदूम आले. मी इस्लामपूर भागात गाईम्हशींची डॉक्टर आहे. दिवसभर कृत्रिम रेतन करत हिंडते, म्हणून गावातली टवाळ पोरं मला पाठीमागे काय म्हणतात ते मला माहीत आहे आणि त्यांच्या गाई मीच गाभण करते हे त्यांनाही माहीत आहे. डॉक्टरांना हाताखाली माणूस हवं होतं आणि वळूचं वीर्य तपासायचा माझा मायक्रोस्कोप गाडीतच होता. पिल्लं होत नाहीत हे मी त्यांना सांगितल्यावर ते म्हणाले, "बेशुद्ध आहे तोवर तेही बघून घेऊ. परवानगी मी घेतो."

वनखात्याच्या रोपवाटिकेच्या शेडमध्ये टेबलावर देवमण्या आडवा पडला. पंजाची जखम किरकोळ होती. डॉक्टर मागच्या बाजूला तपासत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ते बाजूला झाले. मी हात लावला. पिशवीत एकच अंड होतं. दुसरं उतरलंच नव्हतं, पोटातच राहिलं होतं.

सौम्य विजेचा धक्का देऊन नमुना घ्यायची पद्धत असते, तसा तो घेतला. मी काचेवर थेंब ठेवला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. चांगल्या वळूचा थेंब असा बघितला तर जत्रेतली गर्दी दिसते, सगळे एकमेकांना ढकलत पुढे निघालेले. इथे गर्दीच नव्हती. जे होते त्यातल्या कुणाची शेपटी गुंडाळलेली, कुणाची मानेत मोडलेली, एकाला दोन डोकी. काही जागच्या जागी गोल गोल फिरत होते. धड म्हणावा असा एखादाच, तोही रेंगाळणारा. मी काच बदलून परत बघितलं. परत तेच. मला रडू आलं, आणि डॉक्टरांसमोर रडायचं नव्हतं म्हणून मी डोळा लावूनच बसले.

"शेपटीचा बाक, पाठीवरचा भोवरा, न उतरलेलं अंड, आणि हे," डॉक्टर म्हणाले. "थोडीच जनावरं, सगळी एकाच रक्ताची, पिढ्यान्‌पिढ्या आपापसात. मग असं दिसायला लागतं. एका नमुन्यावरून छातीठोक सांगता येणार नाही. रक्त पाठवतो मी तपासायला. पण तुम्ही वळू बघता रोज. तुम्हाला काय वाटतं?"

"अशा वळूला मी त्याच दिवशी बाजार दाखवला असता," मी म्हणाले.

"बरोबर. पण याला बाजार नाही. आणि पिल्लं होत नाहीत म्हणून जंगली जनावराला कोंडून ठेवायचा हक्क आपल्याला नाही. तो सुटणार, डोंगर राखणार, दुसऱ्या नराला येऊ देणार नाही. त्याच्याहून जबर एखादा आला तरच."

"आला होता," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं.

त्यांनी तिथूनच निवारा केंद्राला फोन लावला. सरळ शेपटीचा जिवंत होता. पण पिंजऱ्याचे गज चावून त्याचे दोन सुळे तुटले होते आणि इतक्या वर्षांत त्याला माणसाच्या हातच्या मांसाची सवय झाली होती. त्याला आता सोडता येणार नव्हतं. दुसरीकडून नवा नर आणून सोडायचा तर कुठलं गाव हो म्हणणार?

शेडबाहेर आबा उभे होते. टोपी हातात घेऊन. "बरा हाय न्हवं?"

"बरा आहे."

"आन् बाकी समदं?"

"घरी बोलू, आबा."

तिसऱ्या प्रहरी देवमण्याला डोंगराच्या पायथ्याला सोडलं. पिंजऱ्याचं दार वर गेलं, तो क्षणभर थांबला, आणि वाकडी शेपटी हलवत उसात शिरला. लोकांनी वाघजाईच्या नावानं चांगभलं म्हटलं. आबांनीही हात वर केला.

घरी आल्यावर मी त्यांना सांगितलं. कठीण काही नव्हतं, बैलाच्या भाषेत सांगायचं होतं. आबा समजले, फार लवकर समजले. भोवरा कसला आहे हे सांगितलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"म्हंजी त्यो भाग्याचा न्हवता."

"नाही, आबा."

"रक्त आटल्याची खूण व्हती ती. आन् मी गावाला बोट लावून दावली." मग ते म्हणाले, "त्यो सरळ शेपटीचा जावई व्हता, संयू. दारात आल्याला जावई. आन् मी त्येला बेड्या घातल्या."

आई आतून येऊन त्यांच्याशेजारी बसली. एरवी टोमण्याशिवाय न बोलणारी बाई, पण त्या वेळी तिने फक्त त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मला आबांचा राग यायला हवा होता. नाही आला. बिचारा माणूस, एवढंच वाटलं, आणि आपल्या बापाबद्दल असं वाटणं फार वाईट असतं.

आणि मग, होळीच्या आधी, नवा नर आला.

लालासाहेबांनी ओढ्याच्या वाळूत मोठे पंजे बघितले आणि आबांना येऊन सांगितलं. झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यात फोटोही आला. पुन्हा चांदोलीच्या बाजूनेच, पुन्हा थोराड, पुन्हा सरळ शेपटीचा. आबांनी तो फोटो माझ्या मोबाइलवर मोठा करून करून बघितला. शेपटीवरून बोट फिरवलं. "आला रं देवा," म्हणाले. कित्येक दिवसांनी त्या दिवशी त्यांनी क्रेट धुतला.

पण आलेल्या पाहुण्याने आल्याबरोबर उदयसिंहाची कालवड मारली. उदयसिंह आमचा सरपंच. त्याने वाघजाईच्या देवळात बैठक बोलावली. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं म्हणून त्याने सुरुवात केली आणि लोक हसले. मग आबा उठले. इतक्या वर्षांत ते त्या देवळात उभे राहिले की गाव गप्प व्हायचं. आताही झालं.

"पिंजरा लावायचा न्हाई," आबा म्हणाले. "देवमण्यात आता दम न्हाई. त्येच्यात दोष हाय. डोंगराला नवं रक्त पायजे. वळू आपण बदलतो का न्हाई? तसंच हाय ह्ये."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. कुणीतरी मागून म्हणालं, "देवीच्या वाघात दोष?"

"आवं आबा, तुमीच तर शिकवलंय आमास्नी," उदयसिंह अगदी प्रेमाने म्हणाला. "वाकडी शेपटी आपली, सरळ ती परकी. आमची पोरं शाळेला जात्यात त्याच वाटंनं. देवमण्या असताना एक पोरगं दचकलं न्हाई. ह्यो कोण कुठला? आज कालवड, उद्या काय?"

"पहिल्यांदा येतो तवा जनावर बावरल्यालं असतं. बसंल हळूहळू."

"आन् न्हाई बसला तर? तुमी जिम्मा घेताय?"

आबांनी देवीकडे बघितलं. पोरांचा जिम्मा कोण घेणार? मी उठून बोलायला लागले, एकच अंड आणि मोडक्या शेपट्या सांगायला लागले, तर बायकांनी पदर तोंडाला लावले आणि पुरुष माना खाली घालून हसले. देवळात ही असली भाषा. मला सगळ्यांना एकेक मुस्काटात द्यावीशी वाटली. पण त्यांचंही खोटं नव्हतं. ज्याची कालवड गेली, ज्याचं पोर त्या वाटेने जातं, त्याला मी मायक्रोस्कोप दाखवून काय पटवणार होते? मी आबांचा हात धरून त्यांना खाली बसवत होते, तेव्हा एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, "आबा थकलं आता. लय माया हाय त्यांची, परक्यावर बी यायला लागली."

वनखात्याला पिंजरा लावायचा नव्हता. पण लोकांनी कारखान्याकडे जाणारा रस्ता अडवला, उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर तुंबले, आणि मग पिंजरा आला. आतल्या शेळीसकट.

दोन दिवसांत तो सापडला. सकाळी लालासाहेबांचा फोन आला. "मॅडम, मगदूम साहेब वाटंत हायेत. तवर तुमी या."

मी गेले. आबाही आले. पिंजऱ्याभोवती माणसंच माणसं, मोबाइल वर धरलेले. डॉक्टरांनी येऊन इंजेक्शन दिलं, तो झोपल्यावर आम्ही तपासलं. नियमाप्रमाणे सगळं बघायचं असतं, म्हणून बघितलं. दात पांढरे, सुळे अखंड. पाठीवर एकही भोवरा नाही. शेपटी मुळापासून टोकापर्यंत सरळ. मी हात लावला. दोन्ही होती, भरदार, जिथे असायला हवीत तिथेच. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली.

"इथंच मागं ओढ्याला सोडता यील का, साहेब?" आबांनी विचारलं. लष्करात वरिष्ठांना विचारतात तसे, ताठ उभे राहून.

डॉक्टरांनी गर्दीकडे बघितलं. लालासाहेब हळू आवाजात म्हणाले, "आबा, रस्त्यावर पोरांनी दगडं गोळा केल्याती. इथं सोडला तर दगडं पडत्याल. ह्यो मरंल, न्हाईतर बुजून कुणालातर मारंल. लांब न्यावंच लागंल."

आबा गाडीसमोर जाऊन उभे राहिले. फार वेळ नाही. उदयसिंह आणि दोघे-तिघे आले, त्यांनी आबांच्या खांद्याला धरून त्यांना हळूच बाजूला घेतलं, अगदी जपून, म्हातारं माणूस उन्हात उभं आहे म्हणून. गाडी गेली. पोरांनी गुलाल उधळला. तो आबांच्या टोपीवरही पडला.

दुसऱ्या दिवशी गावाने देवळात आबांचा सत्कार केला. परक्यापासून देवीच्या वाघाचं रक्षण कसं करायचं हे ज्यांनी गावाला शिकवलं ते सुभेदार नाथाजी, असं उदयसिंह बोलला. फेटा बांधला, शाल घातली, हातात नारळ दिला. आबा नको म्हणाले, दोनदा म्हणाले. लोकांना वाटलं, विनय आहे. कबड्डी संघाची पोरं वाकड्या शेपटीची बनियनं घालून रांगेत पाया पडायला आली आणि आबांनी प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवला. दुसरं काय करणार होते?

रक्ताचा अहवाल पुढे आला, वरातीमागून घोडं यावं तसा. त्यात आम्हाला माहीत होतं तेच होतं.

सत्काराहून घरी आल्यावर आबांनी फेटा काढून खुंटीला अडकवला. मग स्टूल घेतलं, माळ्यावर हात घातला आणि क्रेट खाली काढला. तो पाण्याने धुतलेला होता, कोरडा होता. आई चुलीपाशी होती. त्यांनी तो तिच्यापुढे ठेवला.

"ह्यात कांदं भर," आबा म्हणाले.

आईने माझ्याकडे बघितलं, मग क्रेटकडे. इतकी वर्षं तो मागणारी बाई, पण तिने हात पुढे केला नाही. शेवटी मीच कोपऱ्यातले कांदे आणून एकेक करून त्यात ठेवले.